वांगी अंगरख्याचे चारित्र्य

बाभुळगाव,
बुधवार, शाळेची मधली सुटी

चिरंजीव कपिल,

तुझ्या बाभुळगावच्या मामाकडून तुला दीर्घायुष्याचा आशीर्वाद, आणि तू मुंबईत ज्या कपडेपटात नोकरी करतोस त्या कपडेपटाला त्याहून बऱ्याच कमी आयुष्याचा. विमलताईचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावे, जिना चढताना डावा पाय आधी टाकावा. (मी वैद्य नाही, परंतु ती माझी थोरली बहीण असून तिने माझे आजवर एकही ऐकलेले नाही, त्यामुळे सल्ला निर्धास्तपणे देता येतो.) तुझ्या आम्लपित्ताला उतार पडला असेल, अशी आशा करतो. येथे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा शिष्टाचार आहे. तो मी या पत्रापुरता स्थगित करीत आहे. येथे क्षेम नाही. तुझी मामी माझ्याशी मोजके बोलते, माझी लेक अपेक्षा मुळीच बोलत नाही, आणि हे सर्व तू ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून धाडलेल्या एका अंगरख्यामुळे घडले आहे.

प्रथम प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी घे. तुझ्या मामेबहिणीचे लग्न मोडण्याच्या बेतात आहे. मारेगावचा गोपाल तुला ऐकून ठाऊक असेल. तो लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि आपली अपेक्षा यवतमाळात रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत. तो एकदा ताप आला म्हणून रक्त द्यायला गेला, आणि त्यानंतर पूर्ण निरोगी असूनही वारंवार देत राहिला. अशा रीतीने हे स्थळ जुळले. (मी स्वतः शोधलेली तीन स्थळे अपेक्षाने ज्या वेगाने निकालात काढली तो वेग न्यायसंस्थेने अभ्यासावा असा होता.) गोपालचे आईवडील तो लहान असतानाच गेले. आजीने, म्हणजे तुळसाबाईने, त्याला वाढवले. त्या घरात तुळसाबाई हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर नाही. गोपालने अपेक्षाला स्पष्ट सांगितले आहे की आजीचे मन मोडून मी बोहल्यावर उभा राहणार नाही. आणि नेमक्या याच वाक्यामुळे तो मुलगा मला अधिक आवडू लागला, ही माझी दुहेरी अडचण आहे. तुळसाबाई सध्या नाही म्हणत आहे. कारण विचारशील तर, तिच्या मते मी किल्ला शत्रूच्या स्वाधीन केला.

आता मूळ वृत्तांत. आपल्या सार्वजनिक वाचनालयाला यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त शोभायात्रा काढावी, तीत एक चित्ररथ असावा, आणि चित्ररथावर लाच नाकारणारा एक निःस्पृह अमात्य दाखवावा, असा ठराव समितीने केला. निःस्पृहता अभिनयाने आणावी लागू नये म्हणून समितीने अमात्याच्या भूमिकेसाठी एकमताने माझी निवड केली. (समितीत मी, वाचनालयाचे अध्यक्ष आणि उकंडा ट्रॅक्टरवाला असे तिघे आहोत. अध्यक्ष आजारी होते आणि उकंडा टायर पाहायला बाहेर गेला होता.) साडेसातच्या मालिकेतला अमात्य तू पाहिलाच असशील, पाहिला कसला, त्याला कपडे तूच चढवतोस. वांगी रंगाचा अंगरखा, छातीवर चंदेरी कोयऱ्या, आणि लाच आली की उंचावलेला तो तळहात! मी तुला लिहिले की मला तोच अंगरखा हवा. तू तोच धाडलास. तुझ्या आज्ञाधारकपणाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की, त्या अमात्याच्या अंगावर येण्यापूर्वी हा अंगरखा कोणाकोणाच्या अंगावर काय काय करून आला, याविषयी तू एक अक्षरही लिहिले नाहीस.

गाठोडे सोडले तेव्हा तुझ्या मामीने त्या कोयऱ्यांवरून बोट फिरवले आणि ती म्हणाली, "अहो, हा वांगी कायले मांगवला? दुसरा नोयता का?" मला वाटले, ती माझ्या वर्णाला हा रंग शोभणार नाही असे सुचवीत आहे. मी तिला राजवस्त्रांचे माहात्म्य या विषयावर वीस मिनिटे समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि "बरं. तुमी जाणा," एवढेच म्हणून ती भाजी चिरायला गेली. (विवाहाच्या अठ्ठावीस वर्षांत 'तुमी जाणा' या दोन शब्दांनंतर माझे एकदाही भले झालेले नाही. संस्कृतात शापाचे अनेक प्रकार वर्णिलेले आहेत, पण इतका संक्षिप्त शाप माझ्या वाचनात नाही.)

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साडेआठला दुसऱ्या वाहिनीवर लागणारी ऐतिहासिक मालिका मी कधीच पाहिली नव्हती. साडेआठ ही माझ्या भोजनाची वेळ, आणि भोजनसमयी दूरचित्रवाणी बंद असावी हे माझे तत्त्व. परिणामी तुझी मामी माझे पान वाढून शेजारच्या इंदूबाईकडे जात असे, आळीतल्या सर्व स्त्रियाही तेथेच जात, आणि मी घरात माझ्या तत्त्वासह एकटा जेवत असे. त्या मालिकेतला फितूर किल्लेदार, ज्याने तटावरून तळहात उंचावून शत्रूला खूण केली आणि मग दरवाजा उघडून दिला, तो हाच वांगी अंगरखा घालून होता, हे आमच्या तालुक्यात एका माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होते.

रविवारी दुपारी चार वाजता शोभायात्रा निघाली. मारेगावची मंडळी घर पाहायला त्याच दिवशी यावीत अशी योजना मीच केली होती. भावी व्याह्याचे वैभव त्यांनी एका दृष्टिक्षेपात पाहावे, हा हेतू. तुळसाबाईसाठी इंदूबाईच्या ओट्यावर खुर्ची मांडली होती. उकंडाच्या ट्रॉलीवर वाचनालयाची खुर्ची, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर मी. पुढ्यात वाचनालयाचे दोन सभासद सोनेरी कागदात गुंडाळलेले पातेले, म्हणजे लाच, घेऊन उभे. मी तळहात उंचावून ती नाकारीत होतो. 'निःस्पृह अमात्य' हा फलक ट्रॉलीच्या मागच्या बाजूस बांधला होता, म्हणजे जे लोक मला आधी पाहणार ते तो नंतर वाचणार. (हेही माझेच नियोजन.)

बसस्थानकाच्या वळणावर कोलाहल उठला. तो जयजयकार आहे अशा समजुतीने मी किंचित मान लवविली. आवाज वाढला. मी अधिक लवलो, आणि लोकप्रेमाने सद्गदित होऊन दोन्ही हात जोडले. इतक्यात हरभऱ्याची एक हिरवी जुडी, मुळांसह आणि मुळांच्या मातीसह, माझ्या उजव्या गालावर आली. उकंडा ट्रॅक्टर न थांबवता मागे वळून ओरडला, "सर, नमस्कार नका करू! लोकं अजून चिडून राह्यले!" मग मला शब्द ऐकू येऊ लागले. "थो पाय वं, किल्लेदार! आता हात जोडून राह्यला मुडदा!" त्यांना शांत करावे म्हणून मी तळहात उंचावला. कपिल, त्या क्षणी तळहात उंचावणे ही माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठी राजकीय चूक होती. "पाय, पाय, पुन्हा खूण करून राह्यला!" असा एक खणखणीत आवाज इंदूबाईच्या ओट्यावरून आला, आणि मी पाहिले तो खुर्चीवरून उठून उभी राहिलेली ती वृद्धा म्हणजे माझ्या मुलीची भावी आजेसासू होती.

नंतर घरी जो संवाद झाला तो मी शक्य तितका जसाच्या तसा देतो. तुळसाबाईने चहाच्या कपाला हात लावला नाही. मी तिला नट आणि भूमिका यांतील भेद शास्त्रोक्त रीतीने समजावू लागलो. ती म्हणाली, "मास्तर, मी काय खुळी हाओ? थो नट अलग, तुमी अलग, थे मले समजते. पन साऱ्या दुनियेचे कपडे सोडून तुमाले थोच काहून घालावासा वाटला?" (या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे.) मी साडेसातच्या अमात्याचा दाखला दिला. ती म्हणाली, "साडेसाताले माही म्हैस राह्यते. मी साडेआठचं पाह्यतो. दोनशे चौदा भाग पाह्यले, एक नाई सोडला. त्यानं दरवाजा उघडून देल्ला, चारशे मानूस कापल्या गेला, अन् दुसऱ्या दिवशी टीवी लावला तं तिथं नाचगान्याचा कार्यक्रम! मालिकाच बंद! मंग त्याले शिक्षा कोनं करावं, मास्तर? मले सांगा न, कोनं करावं?"

मग तिने अट घातली. पुढच्या रविवारी मी मारेगावी यावे, हाच अंगरखा घालून यावे, आणि माफी मागावी. "तुमची नाई," ती म्हणाली, "किल्ल्याची." त्याशिवाय त्या घरची सोयरीक नको. गोपाल खाली मान घालून बसला होता. मंडळी गेल्यावर तुझी मामी म्हणाली, "मांगून टाका न जी, काय जाते तुमचं?" मी म्हणालो, ज्या मनुष्याने आयुष्यात वाचनालयाचे एक पुस्तकही मुदतीनंतर परत केलेले नाही, त्याने न दिलेला किल्ला दिल्याची कबुली द्यावी? प्राण गेला तरी नाही! त्यावर अपेक्षा दारात उभी होती ती म्हणाली, "बाबा, तुमाले मान पाह्यजे का मी?" आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. ती अद्याप बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, जाते.

तेव्हापासून तीन दिवस मी मोबाइलच्या टीचभर पडद्यावर, चष्म्यावर चष्मा लावून, सर्व ऐतिहासिक मालिकांचे जुने भाग तपासले. छातीवरची तिसरी कोयरी उलटी आहे आणि डाव्या बगलेत निळ्या दोऱ्याचे ठिगळ आहे, या दोन खुणांवरून मी या वस्त्राचे संपूर्ण चरित्र सिद्ध केले आहे, आणि ते वाचण्यापूर्वी तू बसून घे. हा अंगरखा प्रथम दक्षिणेकडील एका खजिनदाराच्या अंगावर होता; तो खजिनदार विहिरीत ढकलला गेला, अंगरखा वर आला. मग तो उत्तरेकडील एका हकिमाने घातला आणि बादशहाच्या सरबतात विष कालवले. मग किल्लेदार. मग, आणि येथे माझी लेखणी थरथरते, तो इसवी सनापूर्वी गेला! तेथे एका व्यापाऱ्याच्या अंगावर दोन भाग राहिला, आणि साबणाची जाहिरात संपते न संपते तोच दोन सहस्र वर्षे ओलांडून अमात्याच्या सेवेत रुजू झाला. आत्मा देह बदलतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुमच्या येथे अंगरखा देह बदलतो, आणि त्याला मागील जन्मीच्या पापांचे कोणतेही फळ भोगावे लागत नाही. ते फळ बाभुळगावचा संस्कृताध्यापक भोगतो.

आणि हे एका अंगरख्यापुरते असते तर मी गिळले असते. तोच टपोऱ्या मोत्यांचा कंठा मी चार राजांच्या गळ्यात पाहिला, त्यांपैकी दोघे एकमेकांचा गळा कापायला निघालेले होते. एकच शेला सोमवारी पट्टराणीच्या खांद्यावर, बुधवारी तिच्या सवतीच्या दालनाचा पडदा, आणि शुक्रवारी हत्तीची झूल. (हत्तीला तो अधिक शोभला, हे न्यायबुद्धीने नमूद करतो.) सिंहासन तर सर्वत्र एकच, राज्य बदलले की तुम्ही फक्त सिंहांच्या जिभा रंगवता. अरे, जी घराणी पाच-पाच पिढ्या एकमेकांच्या रक्ताची तहानलेली होती ती तुझ्या लोखंडी कपाटात एका डांबरगोळीवर सुखाने नांदतात! याला तुम्ही निर्मिती म्हणता? आमच्या गावात एका घरचा सदरा दुसऱ्या घरी गेला तर सहा महिने त्याची चर्चा चालते. तुम्ही अख्खे दरबार उसने नेता, आणि समजता की कोणी पाहत नाही. कपिल, सर्व पाहतात. मारेगावची बाई म्हशीची धार काढून, हात धुऊन, दोनशे चौदा दिवस पापणी न लववता पाहते, आणि तुम्ही तिला न्याय न देता पसार होता.

तस्मात, माझी मागणी पुढीलप्रमाणे. तुझ्या कपडेपटाच्या अधिकृत कागदावर, शिक्क्यासह, असे प्रमाणपत्र धाड की प्रस्तुत वांगी अंगरखा अमात्याच्या सेवेत असताना त्याचे वर्तन निष्कलंक होते. आणि दरवाजा उघडला गेला त्या प्रसंगी अंगरख्याच्या आत असलेल्या इसमाशी बाभुळगावनिवासी रामराव यांचा रक्ताचा, विचारांचा वा अन्य कोणताही संबंध नाही. हे शनिवारपर्यंत येथे पोचले पाहिजे. रविवारी मी ते तुळसाबाईपुढे ठेवीन, आणि माफीचा विषय कायमचा संपेल.

माझी तब्येत विचारू नकोस. तुझी मात्र सांभाळ, आणि जेथे उभा आहेस तेथे शरमेने किमान पाच मिनिटे उभा राहा.

तुझा संतप्त,
रामराव मामा

ता. क. (शुक्रवार, सकाळ) : टपाल कार्यालयात तिकिटे संपली होती, म्हणून हे पत्र खिशातच राहिले. दरम्यान एक घडले. काल संध्याकाळी शाळेतून आलो तो अपेक्षा मधल्या खोलीत अंगरख्याला इस्त्री करीत होती. चंदेरी कोयऱ्या जळू नयेत म्हणून तिने वर ओला पंचा अंथरला होता. तिला कोणी सांगितले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले नाही, काही मागितले नाही. डावी बाही उलटवली, ते निळे ठिगळ उसवलेले पाहून सुई-दोरा घेतला आणि पुन्हा घातले. मी बराच वेळ चप्पल न काढता दारात उभा होतो. प्रमाणपत्र धाडू नकोस. (माझी तत्त्वे शाबूत आहेत. मी फक्त मारेगावच्या बसचे वेळापत्रक पाहत आहे.)

ता. क. दुसरे (रविवार, संध्याकाळ) : मारेगावहून आत्ताच परतलो. बसमध्ये वाहक म्हणाला, "किल्लेदार, मांगं सरका." मी सरकलो. तुळसाबाईच्या अंगणात साडेआठच्या तीसएक प्रेक्षक स्त्रिया सतरंजीवर बसलेल्या होत्या. मी चार पृष्ठांचे क्षमापन रचून नेले होते; त्याचा आरंभ 'हे दुर्गाधिष्ठात्री' असा होता. एवढे दोन शब्द झाले आणि तुळसाबाई म्हणाली, "मास्तर, मराठीत मांगा." मी कागद खिशात घातला. मग, कपिल, का कोण जाणे, मी माझ्या आईच्या बोलीत म्हणालो, "चुकलं माह्यं. मी दरवाजा उघडाले नोयता पाह्यजे." मागून कोणीतरी विचारले, "मंग कायले उघडला?" याचे उत्तर माझ्या संहितेत नव्हते. मी म्हणालो, "भेव वाटला मले." एक बाई पदराने डोळे पुसू लागली. तुळसाबाईने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घ्या. थंडा होऊन राह्यला." साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. परतीच्या बसमध्ये अपेक्षा सबंध वाट बोलत होती. मला एक शब्द उच्चारता आला नाही, आणि मी तक्रार केली नाही.

ता. क. तिसरे, आणि वास्तविक याचसाठी पत्र आता नक्की टाकतो (मंगळवार) : तू अंगरखा परत मागशील, तर मागू नकोस. मारेगावची वार्ता पसरली आहे. साडेआठचीच काय, अर्ध्यावर बंद पडलेल्या आणखी कितीतरी मालिका निघाल्या, आणि त्यांतले अपराधी शिक्षेविना सुटलेले आहेत. काल चार घरांतून बोलावणे आले. एका राजपुत्राला दुधातून विष देणाऱ्या दिवाणाच्या वतीने मी गुरुवारी इंदूबाईच्या ओट्यावर माफी मागणार आहे. उकंडा खुर्च्या आणणार आहे, आणि तुझ्या मामीने दिवाणाची चालण्याची ढब मला दोनदा करून दाखवली आहे. फक्त एक उणीव राहते. इंदूबाईच्या मते त्या दिवाणाच्या डोक्यावर हिरवी पगडी होती. तेवढी एक ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून धाड. कोणत्याही राजवंशाची चालेल. येथे इतके बारकाईने कोणी पाहत नाही.